अक्षरं वेगळी, घडी एकच

डोंबिवलीचा फडके रोड असो, ठाण्याचा गोखले रोड असो की कल्याणचा शिवाजी चौक, कुठल्याही मेडिकलमध्ये अमॉक्सिसिलिन असतंच. घसा सुजला, दाढ ठणकली, मुलाचा कान वाहायला लागला की डॉक्टर ते लिहून देतात, कोर्स पुरा करा म्हणून बजावतात, आणि आपण गोळी गिळून कामाला लागतो. ही गोळी तयार होताना एका रेणूचं शेपूट कापून तिथे दुसरं बसवलेलं असतं, हे सहसा कुणाला ठाऊक नसतं. बुरशी आपल्याला देते ते पेनिसिलिन जी. त्याचं शेपूट काढून टाकलं की उरतो नुसता गाभा. कारखान्यात त्याला सिक्स-एपीए म्हणतात. या गाभ्याला एक नवं शेपूट जोडलं की अ‍ॅम्पिसिलिन होतं, जरा वेगळं जोडलं की अमॉक्सिसिलिन.

हे कापणं नाजूक काम आहे. गाभ्यामध्ये चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. औषधाची सगळी ताकद त्या कड्यात, आणि जरा धसमुसळेपणा झाला तर आधी तेच तुटायचं. नुसत्या रसायनांनी शेपूट काढायचं तर शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासची थंडी लागते, फॉस्फरसचं जळजळीत संयुग लागतं आणि घातक द्रावकं लागतात. काही जिवाणूंमधलं एक एन्झाइम तेच काम कोमट पाण्यात करतं आणि कड्याला धक्काही लावत नाही. त्याचं नाव पेनिसिलिन अ‍ॅसायलेज.

कोडं इथून सुरू होतं. हे एन्झाइम दोन मुख्य तऱ्हांचं आढळतं. एकाला पेनिसिलिन जी आवडतं, दुसऱ्याला त्याचा भाऊ पेनिसिलिन व्ही. दोघं रेणूतला अगदी तोच बंध तोडतात. पण दोघांमधल्या अमिनो आम्लांचा क्रम शेजारी शेजारी मांडून पाहिला तर काहीच जुळत नाही. काम एक, आणि नात्याची खूण म्हणून एक अक्षरही सापडू नये?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. वीस प्रकारची अमिनो आम्लं. प्रत्येकाला एक अक्षर दिलं की कुठलंही प्रथिन वीस अक्षरांत लिहिता येतं. पण पेशीत ते सरळ रेषेत पडून राहत नाही. तयार होता होताच ते स्वतःभोवती वळतं, पिळतं, दुमडतं आणि ठरावीक आकाराची घडी धरतं. साखळीवर शंभर दुवे लांब असलेली दोन अमिनो आम्लं घडीत अगदी शेजारी येऊन बसतात. एन्झाइमचं काम घडतं ते अशाच एखाद्या खोबणीत, दूरदूरच्या अक्षरांनी एकत्र येऊन तयार केलेल्या.

उत्क्रांतीत अक्षरं सतत बदलत राहतात. कोट्यवधी वर्षांत एकेक करत इतकी बदलतात की मूळ क्रम ओळखू येत नाही. घडी मात्र हट्टी असते, कारण घडी मोडली तर काम बंद पडतं आणि ते मोडकं प्रथिन बाळगणारा जीव मागे पडतो. हे पहिल्यांदा दिसलं १९६० च्या सुमाराला, केंब्रिजमध्ये. जॉन केंड्र्यू यांनी देवमाशाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिनची रचना काढली होती, मॅक्स पेरुट्झ यांनी घोड्याच्या हिमोग्लोबिनची. दोन्हींचे नमुने तयार झाल्यावर दिसलं की हिमोग्लोबिनच्या चारही साखळ्या मायोग्लोबिनसारख्याच वळल्या आहेत. एक देवमाशाचं मांस, एक घोड्याचं रक्त, आणि वळणं तीच. प्रथिनांच्या रचनांची ती पहिली तुलना. ती डोळ्यांनी झाली होती. पुढे १९८६ मध्ये सायरस चोथिया आणि आर्थर लेस्क यांनी अक्षरं किती बदलली की घडी किती सरकते याचा रीतसर हिशोब मांडला. घडी फारच सावकाश सरकते.

आता पुण्याला येऊ. पाषाणच्या नॅशनल केमिकल लॅबोरेटरीत, म्हणजे एनसीएलमध्ये, हेपझिबा शिवरामन आणि अर्चना पुंडले पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेजवर काम करत होत्या. बॅसिलस स्फेरिकस नावाच्या जिवाणूतून ते एन्झाइम शुद्ध करून काढायचं, ते कशाकशाला कापतं ते तपासायचं, त्याच्या कामाच्या जागी कोणतं अमिनो आम्ल बसलंय ते रसायनांनी चाचपायचं. हे कष्टाचं काम. त्याशिवाय पुढचं काहीच होत नाही, आणि बातम्यांत मात्र याचा उल्लेख क्वचित येतो, म्हणून मुद्दाम सांगतोय. त्याच संस्थेतले सी. जी. सुरेश प्रथिनांचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडणारे, म्हणजे रचना उलगडणारे. त्यांनी बंगळुरूमध्ये एम. विजयन यांच्याबरोबर काम केलेलं. विजयन ऑक्सफर्डमध्ये डोरोथी हॉजकिन यांच्या प्रयोगशाळेत होते, १९६९ मध्ये जिथे इन्सुलिनची रचना उलगडली. त्याच गटात न्यूझीलंडहून आलेले गाय डॉडसन आणि त्यांच्या पत्नी एलिनॉर डॉडसन हेही होते, ते पुढे यॉर्कला गेले. आणि हॉजकिन कोण? १९४५ मध्ये पेनिसिलिनच्या रेणूत ते चार अणूंचं कडं खरोखर आहे हे क्ष-किरणांनी सिद्ध करणाऱ्या बाई. पेनिसिलिनचा आकार जिने दाखवला तिच्या हाताखाली शिकलेली माणसं, आणि त्यांच्याकडे शिकलेली माणसं, पन्नास वर्षांनी पेनिसिलिन कापणाऱ्या एन्झाइमचा आकार पाहायला पुणे आणि यॉर्क इथे एकत्र आली. विज्ञानातली ही गुरुपरंपरा मला फार भावते.

१९९९ मध्ये ‘नेचर स्ट्रक्चरल बायॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेजची घडी दिसली, आणि अक्षरांनी जे सांगितलं नव्हतं ते घडीने सांगितलं. पेनिसिलिन जी कापणाऱ्या एन्झाइमची रचना डॉडसन यांच्या यॉर्कच्या गटाने १९९५ मध्येच काढली होती. दोन्हींचा गाभा एकच निघाला: मधोमध दोन पसरट पदर, एकावर एक, त्यांच्या दोन्ही बाजूंना सर्पिल दांड्यांचे थर. चार थरांची घडी. अक्षरांत कुठेही न जुळणारी ही दोन एन्झाइमं एकाच घराण्यातली होती.

पण दोन घड्या ‘एकच’ आहेत हे ठरवायचं कसं? इथे संगणकाशिवाय चालत नाही.

साधा उपाय म्हणजे एक रचना दुसरीवर ठेवायची, फिरवायची, सरकवायची आणि जुळलेल्या अणूंमधलं सरासरी अंतर मोजायचं. हे अंतर अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. कोणता अणू कोणत्या अणूशी जुळवायचा हे आधी माहीत असेल, तर सर्वांत चांगलं फिरवणं कुठलं याचं गणित व्होल्फगांग काब्श यांनी १९७६ मध्येच दिलं आहे, आणि संगणक ते क्षणात करतो. खरी अडचण तीच आहे: कोण कुणाशी जुळतो हे आधी माहीत नसतं. ते कळायला रचना एकमेकींवर ठेवून पाहायला हव्यात, आणि ठेवायच्या कशा हे कळायला आधी जोड्या माहीत हव्यात.

१९९३ मध्ये हायडलबर्गमध्ये लिसा होल्म आणि ख्रिस सँडर यांनी या पेचातून वाट काढली. त्यांच्या साधनाचं नाव डाली. त्यामागची कल्पना आपल्या मध्य रेल्वेवर चांगली समजते. समजा तुमच्या हातात नकाशा नाही. फक्त एक तक्ता आहे: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण यांतल्या प्रत्येक स्टेशनापासून प्रत्येक स्टेशनाचं सरळ हवाई अंतर. नुसत्या त्या आकड्यांवरून तुम्हाला कळेल की मुंब्र्यापाशी रूळ पारसिकच्या डोंगराला वळसा घालतात, कारण तिथे लागोपाठच्या स्टेशनांमधल्या अंतरांची बेरीज आणि दोन टोकांमधलं सरळ अंतर यांत फरक पडतो. आणि नकाशा उलटा धरा, आडवा धरा, आरशात पाहा, तक्त्यातले आकडे तेच राहतात. प्रथिनाचंही तसंच. प्रत्येक अमिनो आम्लापासून प्रत्येक अमिनो आम्लाचं अंतर लिहून तक्ता करायचा. आता दोन प्रथिनांना फिरवत बसायची गरज उरत नाही. दोन तक्त्यांमध्ये सारखे दिसणारे लहान लहान चौकोन शोधायचे आणि ते एकमेकांना जोडत मोठं साम्य उभं करायचं.

२००५ मध्ये यांग झांग आणि जेफ्री स्कॉलनिक यांनी टीएम-अलाइन हे साधन आणलं. त्यांचा टीएम-स्कोअर मला फार समंजस वाटतो. आधीच्या सरासरी अंतरात एक खोट होती: एखादं शेपूट भलतीकडे लोंबत असेल तर सगळा आकडा बिघडायचा. टीएम-स्कोअरमध्ये अशा भरकटलेल्या तुकड्याचं वजन आपोआप कमी होतं, आणि प्रथिन लहान की मोठं यानेही फारसा फरक पडत नाही. निकाल शून्य ते एक. ०.१७ च्या आसपास आला तर ती कुठलीही दोन परकी प्रथिनं समजायची, ०.५ च्या वर गेला की बहुधा घडी एकच.

पुण्याचा आणखी एक धागा इथे येतो. एम. एस. मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘क्लिक’ नावाचं साधन प्रसिद्ध केलं. मधुसूदन नंतर पुण्याच्या आयसरमध्ये आले. बहुतेक साधनं साखळीच्या क्रमाने चालतात, पहिल्या दुव्यापासून शेवटच्यापर्यंत. क्लिक क्रम सोडून देतं. अवकाशात जवळजवळ बसलेल्या बिंदूंचे छोटे गट घेतं आणि दुसऱ्या प्रथिनात तसाच गट शोधतं, मग ते बिंदू साखळीवर कुठल्याही क्रमाने येवोत. याचं महत्त्व खोबणीपाशी कळतं. काम करणारी अमिनो आम्लं दोन प्रथिनांत वेगवेगळ्या वाटांनी येऊनही एकाच मांडणीत बसू शकतात.

यातून पुढचा मुद्दा निघतो, आणि तो महत्त्वाचा आहे: घडी म्हणजे काम नव्हे. आपल्या आतड्यातलं कायमोट्रिप्सिन आणि जिवाणूंचं सबटिलायसिन दोन्ही प्रथिनं कापतात, दोन्हींच्या खोबणीत तीच तीन अमिनो आम्लं त्याच मांडणीत बसलेली असतात, आणि घड्या मात्र पूर्ण वेगळ्या. उत्क्रांतीने तो एकच उपाय दोनदा शोधला. उलट एकाच घडीची प्रथिनं शंभर वेगळी कामं करताना दिसतात. म्हणून साधनाने नातं दाखवल्यावर माणसाला खोबणीत डोकवावं लागतं.

पेनिसिलिन कापणाऱ्यांच्या खोबणीत काय दिसलं? अनेक एन्झाइमांना असा बंध तोडायला तीन अमिनो आम्लांची जुळवाजुळव लागते. इथे एकच पुरतं, आणि ते असतं साखळीच्या अगदी टोकाला, पहिल्या जागी. ते बंधावर हल्ला करतं आणि टोकाला असल्यामुळे स्वतःचाच मोकळा अमिनो गट मदतीला वापरतं. पेनिसिलिन जी कापणाऱ्यात ते सेरीन आहे, पेनिसिलिन व्ही कापणाऱ्यात सिस्टीन. अक्षर बदललं, जागा तीच. पण जन्मतः ही अमिनो आम्लं पहिल्या जागी नसतात. साखळी तयार होते तेव्हा त्यांच्यापुढे आणखी काही दुवे असतात, आणि ते गळून पडले की एन्झाइम कामाला लागतं. पेनिसिलिन जी कापणारं एन्झाइम तर घडी पडल्यावर स्वतःलाच कापून तयार होतं.

१९९५ मध्ये यॉर्कच्या गटाने या घराण्याची पहिली ओळख करून दिली तेव्हा त्यात एक चकित करणारा सदस्य होता: प्रोटिअसोम. तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत नको झालेली प्रथिनं मोडीत काढणारं हे यंत्र. त्याच्याही कापणाऱ्या भागांची घडी तीच, चार थरांची, आणि पहिल्या जागी थ्रिओनीन. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर वापरलं जाणारं बोर्टेझोमिब हे औषध नेमकं त्या पहिल्या थ्रिओनीनला जाऊन चिकटतं. एका बाजूला अँटिबायोटिकच्या कारखान्यातलं जिवाणूचं एन्झाइम, दुसऱ्या बाजूला कर्करोगाच्या वॉर्डातलं औषध, आणि मध्ये एकच घडी. हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ दोन्हींची चित्रं शेजारी ठेवून पाहत बसलो होतो.

पुण्याच्या निबंधाने या घराण्यात आणखी एक पाहुणा आणला: पित्तक्षार कापणारं एन्झाइम. गरम भातावर तुपाची धार पडते, ती पचवायला यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि प्रत्येकाला ग्लायसीन किंवा टॉरीनचं शेपूट जोडतं. हे झाले पित्तक्षार. त्या शेपटामुळे ते पाण्यात नीट मिसळतात आणि तूप फोडून बारीक करतात. आतड्यातले जिवाणू हे शेपूट कापतात. बंध त्याच जातीचा, ज्याने पेनिसिलिनचं शेपूट जोडलेलं असतं. २००६ मध्ये सुरेश, पुंडले, अस्मिता प्रभुणे आणि डॉडसन दांपत्य यांच्या गटाने बायफिडोबॅक्टेरियम लाँगम या आतड्यातल्या जिवाणूच्या पित्तक्षार एन्झाइमची रचना प्रसिद्ध केली. घडी तीच, पहिल्या जागी सिस्टीन. मग त्यांनी मला वाटतं सर्वांत सुंदर काम केलं: तीन वेगळ्या जिवाणूंमधली या कुळातली एन्झाइमं घेऊन ती पित्तक्षार किती कापतात आणि पेनिसिलिन किती, हे मोजलं. पित्तक्षाराकडून पेनिसिलिनकडे जाणारा उतार दिसला, एका टोकाला एकाची आवड, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याची, मध्ये दोन्हींची थोडी थोडी. एका कामातून दुसरं काम कसं उगवलं असेल याची वाट त्या उतारावर दिसते. हे नुसत्या संगणकाने होत नाही आणि नुसत्या परीक्षानळीनेही होत नाही.

यानंतरच्या वर्षांत रचनांचा पूर आला. १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. २०२३ मध्ये दोन लाखांचा टप्पा ओलांडला. या सगळ्या प्रयोगाने मिळवलेल्या, एकेकीमागे कुणाची तरी वर्षं गेलेली. त्याच्या थोडं आधी अल्फाफोल्ड या संगणकी साधनाने अक्षरांवरून घडीचा अंदाज बांधायला सुरुवात केली, आणि जुलै २०२२ मध्ये वीस कोटींहून अधिक अंदाज सगळ्यांसाठी खुले झाले. डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी, डेव्हिड बेकर यांच्यासोबत. आता जुनी साधनं थकली. दहा कोटी रचनांमध्ये एका रचनेचे नातलग शोधायचे तर टीएम-अलाइनला एका प्रोसेसरवर महिना लागतो.

सोलचे मार्टिन स्टाइनेगर आणि ग्यॉटिंगनचे योहानेस झ्योडिंग यांच्या गटांनी तयार केलेलं फोल्डसीक २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यातली युक्ती वाचून माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो. अक्षरं नातं विसरतात म्हणून आपण घडीकडे वळलो होतो. त्यांनी घडीचीच नवी अक्षरं केली. प्रत्येक अमिनो आम्लाला अवकाशात सर्वांत जवळ कोण बसलंय, दोघांच्या साखळ्या तिथून कशा वळतात, यावरून वीसपैकी एक अक्षर द्यायचं. अक्षर अमिनो आम्लाचं नाही, शेजाराचं. आता संपूर्ण घडी एका ओळीत लिहिता येते, आणि ओळी जुळवण्याची झपाट्याची तंत्रं तर अनेक दशकांपासून तयार आहेत. शोध डालीपेक्षा हजारो पटींनी वेगाने होतो आणि फार थोडे नातलग सुटतात. हेच साधन घेऊन अल्फाफोल्डच्या साठ्याची वर्गवारी झाली तेव्हा एकाहून अधिक सदस्यांचे सुमारे २३ लाख गट निघाले, आणि त्यातल्या ३१ टक्के गटांचं काम काय, हे कुणीही लिहून ठेवलेलं नव्हतं.

आणि ज्यांची नावं लिहिलेली आहेत त्यांचंही काम कितपत कळलंय? ‘पेनिसिलिन व्ही अ‍ॅसायलेज’ हे नाव माणसाने आपल्या कारखान्याच्या गरजेवरून दिलं. मातीतल्या किंवा पाण्यातल्या जिवाणूला पेनिसिलिन व्ही कुठे भेटणार? ते तर मुख्यतः आपण बनवतो. २०१७ मध्ये पुंडले आणि नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचे विम क्वाक्स यांच्या गटांनी दाखवलं की ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंमधली ही एन्झाइमं वेगळ्याच रेणूंना कापतात. ते रेणू जिवाणू आपापसांत निरोप द्यायला सोडतात. आपण किती जण जमलोय हे त्यावरून त्यांना कळतं, आणि पुरेसे जमले की हल्ला सुरू होतो. त्या रेणूंनाही शेपूट असतं, त्याच जातीच्या बंधाने जोडलेलं. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा इस्पितळांतला जुना वैरी. त्याला हे एन्झाइम दिल्यावर त्याचा आक्रमकपणा उतरला.

माणसाच्या स्वतःच्या पेशींतही या कुळाचा एक नातलग आहे, अ‍ॅसिड सेरामिडेज. तो मेदाचे रेणू कापतो, आणि तो बिघडला तर लहान मुलांना फार्बर रोग होतो. त्याची रचना २०१८ मध्ये कळली: पहिल्या जागी पुन्हा सिस्टीन. ठाण्याच्या बांदोडकर किंवा कल्याणच्या बिर्ला कॉलेजात जीवशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही हे घडीचं साम्य स्वतः पाहता येईल, फुकट, घरच्या संगणकावर. प्रोटीन डेटा बँकेत पुण्याच्या एन्झाइमचा क्रमांक ३पीव्हीए आहे, बायफिडोबॅक्टेरियमच्या एन्झाइमचा २एचएफ०. दोन्ही रचना उतरवून घ्या, एकीवर एक चढवा, आणि दोन्हींमधलं पहिलं सिस्टीन रंगवा.